वाटी वर सरकली पाहिजे : मांडीला करंट देताना पॅड कुठे लावायचे

इंदूरमध्ये राजेंद्रनगरच्या एका काकूंकडे फिजिओथेरपीसाठी पहिल्यांदा गेले, तेव्हा सूनबाईंनी मोठ्या हौसेनं मशीन आधीच लावून ठेवलं होतं. गुडघा बदलून पाच आठवडे झालेले. चार पॅड गुडघ्याभोवती, वाटीच्या चार कोपऱ्यांना, कॅरमच्या भोकांसारखे अगदी मोजून बसवलेले. "रोज सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं देतोय ताई, एक दिवस चुकवला नाही." मी काकूंना पाय सरळ ठेवून उचलायला सांगितला. मांडी उचलली गेली, गुडघा मात्र वाकला आणि टाच गादीलाच चिकटून राहिली. मांडी हातात धरून पाहिली तर पिकल्या केळ्यासारखी मऊ.

पाच आठवडे इमानेइतबारे दिलेला तो करंट मांडीच्या स्नायूंपर्यंत पोचलाच नव्हता. गुडघ्याभोवती पॅड लावतात ते दुखणं दबवायला, त्याला टेन्स म्हणतात. मुंग्या येतात, बरं वाटतं, स्नायू झोपलेलाच राहतो. स्नायू जागा करायचा तर पॅड मांडीवर लागतात, मशीनचा मोड दुसरा लागतो आणि स्नायू डोळ्यांना दिसेल असा आखडावा लागतो. दवा बाजारातून आणलेल्या बऱ्याच मशिनांत टेन्स आणि ईएमएस (स्नायू आखडवणारा) हे दोन्ही मोड एकाच डब्यात असतात. सोबतच्या घडीपत्रकात बोटभर चित्रं असतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

हे लिहितेय ते दोघांसाठी: घरी मशीन आणून आई-वडिलांना करंट देणाऱ्या लेकीसुनांसाठी, आणि फिजिओथेरपीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी. घरच्यांनी एक पथ्य पाळावं. पहिल्या वेळी तुमच्या फिजिओकडून पॅड लावून घ्या, खुणा करून घ्या, मग पुढे हा लेख उघडा.

करंट कशाला लागतो

मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायूंची जुडी आहे, क्वाड्रिसेप्स. मधून जाणारा रेक्टस फेमोरिस, बाहेरच्या अंगाला व्हॅस्टस लॅटरॅलिस, आतल्या अंगाला व्हॅस्टस मीडिअ‍ॅलिस, आणि रेक्टसच्या खाली दडलेला व्हॅस्टस इंटरमीडियस. चारही मिळून वाटीला धरतात, आणि वाटीमार्फत नडगीला. चौघांना हुकूम एकाच नसेतून येतो, फेमोरल नर्व्ह. ती कमरेच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मणक्याच्या पातळीवरच्या मुळांपासून बनते आणि जांघेतून मांडीत उतरते.

गुडघा सुजला की तो मज्जारज्जूला निरोप पाठवतो आणि तिथून मांडीचा हुकूम दाबला जातो. माणूस आळशी नसतो, घाबरटही नसतो. त्याला खरंच आखडता येत नाही. "आई, जोर लावा ना" असं दहा वेळा ओरडून उपयोग नाही, ही गोष्ट घरच्यांना समजावण्यात माझा अर्धा वेळ जातो. करंट हा दाबलेला हुकूम बाजूला ठेवून थेट मांडीतल्या नसेच्या फांदीला चाळवतो आणि स्नायू आखडतो.

नसेला, असं मी मुद्दाम म्हटलं. ही मशिनं स्नायूला नव्हे, त्यात शिरणाऱ्या नसेला चेतवतात. म्हणून नस शाबूत असेल तरच ती चालतात. नसच तुटलेली असेल तर इतक्या छोट्या स्पंदांना, म्हणजे करंटच्या एकेका ठोक्याला, स्नायू दाद देत नाही. तिथे कित्येक पट लांब स्पंदाचं वेगळं मशीन लागतं, आणि ते घरी करायचं काम नाही.

आधी कुणाला द्यायचा नाही ते बघा

पेसमेकर किंवा छातीत बसवलेलं डिफिब्रिलेटर असेल तर घरी हे मशीन लावूच नका. पायाच्या शिरेत गुठळी असेल तर नाही. ऑपरेशननंतर पोटरी एकाएकी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखू लागली, तर पॅड बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी सर्जनना फोन करा. त्या जागी कॅन्सर, जंतुसंसर्ग, वाहती जखम किंवा ताजा रक्तस्राव असेल तर नाही. गरोदर बाई आणि फिट येणारा माणूस यांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याखेरीज नाही. वाटीचा कंडरा किंवा स्नायूचा कंडरा (हाडाला जोडणारी दोरी) नुकताच शिवला असेल, हाड नुकतंच जोडलं असेल, तर जोराच्या आखडण्यानं टाके तुटू शकतात; तिथे परवानगी देणारा एकच माणूस, ज्यानं ऑपरेशन केलं तो.

लोक सगळ्यात जास्त विचारतात ते धातूचं. "गुडघ्यात स्टील घातलंय, करंट लागेल ना?" नाही लागत. घरगुती ईएमएसचा करंट दोन्ही दिशांनी आलटून पालटून वाहतो आणि पॅड असतात मांडीवर, त्यामुळे गुडघा बदललेल्या पेशंटना तो नेहमी देतात. एका दिशेनं वाहणारा गॅल्व्हॅनिक करंट मात्र धातूच्या आसपास नको.

आता शुगर. ज्या गावात पोह्यांबरोबर सकाळीच जिलेबी सुरू होते, तिथे हा प्रश्न विचारावाच लागतो. मधुमेहानं पायाची संवेदना गेली असेल तर त्वचा भाजली तरी माणसाला कळत नाही. पेशंटला डोळे मिटायला सांगा. जिथे पॅड लागणार तिथे कधी कापसानं, कधी टूथपिकच्या टोकानं हलकं टेकवा आणि विचारा, मऊ की टोचरं? दहापैकी दोन-तीनदा चुकलं तर मशीन उघडू नका, फिजिओला सांगा.

सामान

चिकट पॅड दोन मापांत सहज मिळतात, ५ × ५ सेंटीमीटर आणि ५ × ९ सेंटीमीटर. मांडीसाठी ५ × ९ घ्या, त्याहून मोठे मिळाले तर आणखी बरं. कारण साधं आहे. तेवढाच करंट लहान पॅडमधून गेला की त्वचेला टोचतो, मोठ्या पॅडवर पसरला की सोसवतो. म्हणजे मोठ्या पॅडनं करंट जास्त चढवता येतो, आणि इथे जोरदार आखडणं हीच कमाई आहे. कॉलेजच्या ओपीडीत काळे कार्बन रबरचे पॅड असतात, पट्ट्यानं बांधायचे. त्यांना जेल काठापर्यंत सारखं लावा आणि पट्टा घट्ट बांधा. एका बाजूला जेल जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ झालं, तर सगळा करंट जिथे नीट टेकलंय तिथूनच जातो आणि पेशंट "चावतंय!" म्हणून ओरडतो.

बाकी एक टॉवेल, पाठीला दोन उशा, त्वचेवर लिहिणारं पेन. डागण्या दिल्यासारख्या खुणा नकोत, साधं बॉलपेन पुरतं.

त्वचा

आपल्या घरांत ऑपरेशननंतर तेलमालिश चालू झालेलीच असते. तेलावर पॅड चिकटत नाही आणि जिथे चिकटतो तिथेही करंट अर्धवट जातो. म्हणून आधी करंट, मालिश नंतर, तीही टाक्यांपासून लांब. साबणपाण्यानं मांडी धुवा, कोरडी करा. केस जास्त असतील तर कात्रीनं बारीक करा, वस्तरा फिरवू नका. वस्तऱ्याच्या बारीक चिरांतून करंट एकवटून जातो आणि झोंबतो. गराडूच्या दिवसांत, म्हणजे माळव्याच्या थंडीत, त्वचा इतकी कोरडी पडते की मशीन पार वर नेलं तरी फक्त मुंग्या येतात. पॅड लावण्याआधी ओल्या फडक्यानं जागा नुसती पुसली तरी फरक पडतो.

बसवायचं कसं

पेशंटला पलंगावर पाय लांब करून, पाठीला उशा देऊन अर्धवट बसवा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी द्या, गुडघा २०-३० अंशांत वाकेल एवढी. पूर्ण आडवं झोपवलं तर आपण काय करतोय ते पेशंटला दिसत नाही, आणि दिसणं फार मोलाचं आहे. पुढे ताकद आल्यावर खुर्चीत बसवून, गुडघा साधारण ६० अंशांत ठेवून, घोटा खुर्चीच्या पायाला पट्ट्यानं बांधून देतात. तिथे स्नायूला ओढायला काहीतरी मिळतं आणि जोर जास्त निघतो. सुरुवातीला मात्र टॉवेलच बरा.

एक बारीक गोष्ट. गुडघा वाकवला की स्नायू त्वचेखालून सरकतो, त्वचा स्नायूच्या वरून सरकते. झोपून केलेली खूण बसल्यावर खोटी पडते. ज्या स्थितीत करंट द्यायचा, त्याच स्थितीत खुणा करा.

दोन पॅडची मांडणी

पहिल्यांदा चांगल्या पायावर करा. आजारी मांडीत स्नायूचा आकारच उरलेला नसतो, तिथे चाचपडून काही सापडत नाही. चांगल्या पायाखाली टॉवेल ठेवून "गुडघा खाली दाबा" म्हणा. वाटीच्या वर, आतल्या बाजूला, थेंबासारखा फुगवटा उठेल. तो व्हॅस्टस मीडिअ‍ॅलिसचा खालचा भाग. तिथले धागे तिरके असतात, उभ्या रेषेशी ५० अंशांच्या आसपास. ऑपरेशननंतर वाळलेला चटकन डोळ्यांत भरतो तो हाच फुगवटा. बाहेरच्या बाजूला, जरा वर, लांबट आणि कडक लागतो तो व्हॅस्टस लॅटरॅलिस. दोन्ही बोटांनी ओळखून घ्या, मग तीच जागा आरशात बघितल्यासारखी दुसऱ्या पायावर शोधा.

खालचा पॅड : वाटीच्या वरच्या काठापासून पेशंटचीच तीन-चार बोटं वर आणि आतल्या बाजूला, त्या फुगवट्यावर. पॅड धाग्यांच्या ओढीप्रमाणे किंचित तिरका. वाटीवर नाही, वाटीच्या वरच्या कंडऱ्यावर नाही. गुडघा बदलताना चीर मधोमध, वाटीच्या वरपर्यंत गेलेली असते. टाके निघेपर्यंत आणि खपली पडेपर्यंत पॅडचा काठ चिरेपासून दोन बोटं तरी लांब ठेवा. त्यामुळे पॅड थोडा आत किंवा वर सरकला तर सरकू द्या.

वरचा पॅड : जांघेच्या घडीखाली पंजा आडवा ठेवा. पंजा संपतो तिथे, मांडीच्या मध्यरेषेपासून जरा बाहेरच्या अंगाला. इथे रेक्टसचा वरचा भाग आणि लॅटरॅलिस दोन्ही सापडतात. नवखे लोक हा पॅड दोन प्रकारे चुकवतात. एक तर थेट जांघेत, जिथे मोठी धमनी, शीर आणि नस एकत्र जातात. नाहीतर मांडीच्या आतल्या भागावर, जिथे करंट मांडी आत ओढणाऱ्या स्नायूंना जातो.

अशा मांडणीत करंट बाहेरून-वरून आत-खाली असा मांडी तिरका ओलांडतो. दोन पॅडमध्ये निदान एका पॅडएवढं अंतर हवं. फार जवळ आले तर करंट वरच्यावर त्वचेतूनच निघून जातो, टोचतो खूप आणि आखडत काही नाही. थोडं लांब ठेवलं तर तो खोल उतरतो.

लाल आणि काळ्या तारेचा प्रश्न मुलं परीक्षेत बरोबर लिहितात आणि ओपीडीत विसरतात. मशीनचा करंट दोन्ही दिशांना अगदी सारखा असेल तर कोणती तार कुठे याला महत्त्व नाही. सारखा नसेल तर ऋण टोक जास्त चेतवतं. ते बहुधा काळी तार असतं, पण पत्रक बघून घ्या. ज्या स्नायूला जास्त जागवायचं, म्हणजे आतल्या फुगवट्याला, तिथे ऋण टोक लावा. खात्री नसेल तर तारा अदलाबदल करून बघा. ज्या बाजूनं आखडणं जास्त येतं ती ठेवा. अदलाबदल करताना मशीन शून्यावर.

मशीनला दोन चॅनेल, म्हणजे तारांच्या दोन वेगळ्या जोड्या, असतील तर चार पॅड लावता येतात. एक चॅनेल बाहेरच्या स्नायूवर वर-खाली, दुसरा रेक्टसच्या वरच्या भागापासून आतल्या फुगवट्यापर्यंत. दोन्ही चॅनेल एकाच वेळी चालू होतील असं ठेवा, आळीपाळीनं नाही. जाड मांडीला हे खूप उपयोगी पडतं. फक्त आतला फुगवटाच वेगळा काढून त्याला व्यायाम देता येतो असं ठासून सांगणारे लोक भेटतात. माझा अनुभव तसा नाही. करंट शेजाऱ्याकडेही जातोच. आपण पारडं थोडं झुकवू शकतो, एवढंच.

मोटर पॉइंट : चित्र इथे संपतं

प्रत्येक स्नायूवर अशी एखादी जागा असते जिथे सगळ्यात कमी करंटनं सगळ्यात मोठा झटका येतो. तिथे नस स्नायूत शिरते. फ्रान्समध्ये ड्युशेन यांनी १८५०च्या दशकात ओल्या इलेक्ट्रोडनं त्वचेवरून एकेक स्नायू वेगळा आखडवून दाखवला, तेव्हापासून अशा जागांचे नकाशे छापले जाताहेत. नकाशा चांगला आहे, पण प्रत्येक मांडी वेगळी. एकाच घरातल्या दोन बहिणींच्या खुणांमध्ये दोन बोटांचा फरक मी पाहिला आहे.

ओपीडीत पेन इलेक्ट्रोड असतो, टोकातून करंट देणारा. वरचा पॅड जागेवर ठेवा, फ्रीक्वेन्सी १ किंवा २ हर्ट्झवर आणा म्हणजे प्रत्येक स्पंदाला एक सुटा झटका दिसेल. पेनाला जेल लावा, करंट इतकाच वाढवा की कुठेतरी थरथर दिसावी, आणि पेन हळूहळू सरकवत न्या. रेडिओचं स्टेशन शोधायचो तसं. एका जागी झटका एकदम मोठा होतो. मग करंट कमी करा आणि पुन्हा फिरवा. शेवटी जी जागा उरते तिच्यावर बॉलपेननं खूण. फुगवट्यावर एक आणि बाहेरच्या स्नायूवर एक, एवढ्या दोन खुणा मिळाल्या तरी काम झालं.

घरी पेन नसतो. तिथे खालचा पॅडच वापरा. मशीनमध्ये फ्रीक्वेन्सी २ हर्ट्झपर्यंत खाली येत असेल तर आणा, थोडा करंट द्या, झटका बघा, मशीन शून्यावर न्या, पॅड एक बोट सरकवा, पुन्हा तेवढाच करंट द्या. चार-पाच जागा बघून जिथे जास्त उडतं तिथे पॅडच्या चारही कोपऱ्यांना खुणा करा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण खुणा आंघोळीत जातात. काकूंच्या सूनबाईंनी मेंदीच्या कोनानं ठिपके दिले होते. आठवडाभर टिकले. मी हसले, पण कल्पना वाईट नव्हती.

आकडे

स्पंदाची रुंदी ३०० ते ४०० मायक्रोसेकंद. मांडीचा स्नायू मोठा आणि वर चरबी असते, म्हणून कमी रुंदीनं भागत नाही. फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झच्या आसपास. ३५च्या खाली आखडणं थरथरतं राहतं, फार वर गेलं तर स्नायू लवकर दमतो. करंट एकदम आदळू नये म्हणून चढायला २-३ सेकंद द्या.

चालू १० सेकंद, बंद ५० सेकंद. अशी १० ते १५ आखडणी, म्हणजे एकंदर दहा ते पंधराच मिनिटं. लोकांना हे कमी वाटतं. "एवढंच?" असं विचारून अर्धा तास ठेवतात. करंटनं आखडलेला स्नायू आपणहून आखडलेल्या स्नायूपेक्षा खूप लवकर दमतो, कारण शरीर धाग्यांना पाळी लावून देतं, करंट मात्र प्रत्येक स्पंदाला त्याच त्या धाग्यांना एकदम जुंपतो. म्हणून विश्रांती पाचपट. ही १०-५०-१०ची चाल सोव्हिएत रशियातल्या याकोव्ह कोट्स यांच्या नावानं ओळखली जाते. १९७७ साली माँट्रिऑलमध्ये त्यांनी ती मांडली, आणि आपल्या ओपीडीत अजून "रशियन" म्हणून जो करंट देतात तो त्यांचाच.

ओपीडीत ऐकू येणारा दुसरा शब्द "फॅरेडिक". फॅरेडे यांनी १८३१ मध्ये विद्युत-प्रवर्तन शोधलं, त्यावर चालणाऱ्या जुन्या कॉइलवरून हे नाव पडलं. पॅडच्या जागा त्यालाही ह्याच.

करंट चढवताना

मशीन शून्यावर आहे हे बघा, मग पॅड लावा, मग चालू करा. उलट क्रमानं कधीच नाही. करंट जोडताना-काढताना जो दणका बसतो त्यानं पेशंट मशीनला जन्मभर घाबरतो. ओपीडीत त्याच खोलीत शॉर्टवेव्ह डायथर्मी (खोल शेक देणारं मशीन) चालू असेल तर स्टिम्युलेटर लांब न्या, नाहीतर करंट अचानक उसळू शकतो. विजेवर चालणारं मशीन असेल आणि लाइट गेली, तर लाइट परत यायच्या आत नॉब शून्यावर.

आता हळूहळू वाढवा. आधी मुंग्या येतात, कारण त्वचेच्या नसा जवळ असतात. मग स्नायू फडफडतो. मग बांधल्यासारखा घट्ट होतो. त्यानंतर दुखतं. आपल्याला तिसरी पायरी हवी, चौथीच्या अगदी उंबऱ्याशी. बरेच जण पहिल्या पायरीवरच थांबतात आणि "मशीनचा काही उपयोग नाही" म्हणतात. करंट चालू झाला की पेशंटनंही गुडघा खाली दाबायचा, पंजा स्वतःकडे ओढायचा. नुसतं पडून मोबाइल बघत करंट घेणं मला मान्य नाही. दोन-तीन आखडण्यांनंतर त्वचेला सवय होते, तेव्हा आणखी थोडं वाढवा.

आणि डोळे वाटीवर.

आखडताना वाटी सरळ वर, मांडीकडे सरकली पाहिजे. टाच गादीवरून किंचित उचलली गेली तर उत्तम. काय होतंय यावरून पॅड कुठे चुकला ते कळतं:

वाटी वर जाताना बाहेर ओढली गेली, तर बाहेरचा स्नायू एकटाच ओढतोय. खालचा पॅड आणखी आत, फुगवट्याच्या मध्यावर आणा. तरी जमलं नाही तर वरचा पॅड मध्यरेषेच्या जवळ घ्या.

मांडी आतल्या बाजूला वळली, गुडघे जवळ येऊ लागले, तर करंट मांडी आत ओढणाऱ्या स्नायूंत गेला. दोन्ही पॅड पुढे, बाहेरच्या दिशेला सरकवा.

मांडीच वर उचलली जाते, कमरेतून, आणि गुडघा ढिलाच. वरचा पॅड फार वर आहे. दोन बोटं खाली आणा. काकूंच्या बाबतीत पहिल्या दिवशी हेच झालं, आणि मी स्वतः लावले होते. प्रत्येक मांडीला पंजाचं माप बसतंच असं नाही.

नुसत्या मुंग्या, आखडणं नाही. पॅड वाळले आहेत का? तेल होतं का? मोड टेन्सवर राहिलाय का? हे तिन्ही बघून झालं की मग मोटर पॉइंटकडे वळा. सूज खूप असेल तर पाण्याच्या थरातून करंट पसरतो. आधी पाय उंच ठेवून बर्फाचा शेक, नंतर करंट.

एकाच काठाला सुई टोचल्यासारखं होतंय. तो काठ उचललेला आहे. मशीन शून्यावर, पॅड नीट दाबा. दाबला तरी टोचत असेल तर पॅड टाकून द्या.

सातव्या-आठव्या आखडण्याला स्नायू मधेच सुटायला लागला. दमलाय. बंद वेळ वाढवा किंवा तिथेच थांबा. करंट वाढवून त्याला ढकलू नका.

हे सगळं वाचून वाटतं की खूप खटपट आहे. पहिले तीन दिवस आहे. चौथ्या दिवशी सूनबाई फोनवर सांगत होत्या, "ताई, वाटी सरळ गेली, पण जरा उशिरा गेली." मला तेव्हा खरं बरं वाटलं, कारण त्या आता मशीनच्या आकड्यांकडे बघत नव्हत्या.

पॅड काढताना आणि ठेवताना

शून्यावर आणून, बंद करून, मग काढा. कोपऱ्यापासून सोलल्यासारखा, तार ओढून नाही. खाली गुलाबी चौकोन दिसेल, तो तासाभरात जातो. फोड आला, किंवा दुसऱ्या दिवशीही लाल राहिलं, तर त्या जागी पुन्हा पॅड नको, आणि फिजिओला फोटो पाठवा.

पॅड प्लॅस्टिकच्या पानावर परत चिकटवून झिपच्या पिशवीत ठेवा. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत किंवा खिडकीत राहिले तर जेल वितळतं आणि पुढच्या वेळी डाग पडतात. चिकटेनासे झाले की बोटाला पाणी लावून एकदा थोपटा, मिनिटभर थांबा, बऱ्याचदा दोन-चार वेळा आणखी चालतात. त्यापुढे नवे घ्या. एका माणसाचे पॅड दुसऱ्याला नाहीत, नवरा-बायको असले तरी नाहीत.

किती दिवस

रोज किंवा एक दिवसाआड, फिजिओ सांगतील तसं, पण व्यायाम बाजूला ठेवून नाही. दर आठवड्याला एकच गोष्ट तपासा : मशीनशिवाय पाय सरळ ठेवून उचलायचा, आणि गुडघा वाकतो का बघायचा. काकूंचा दुसऱ्या आठवड्यात चार बोटं वाकत होता, चौथ्या आठवड्यात एक बोट. ज्या दिवशी सलग दहा वेळा गुडघा न वाकता पाय उचलला गेला, त्या दिवशी सूनबाईंनी मशीन पुसून डब्यात भरलं आणि भाड्याच्या दुकानात फोन केला. पॅड मात्र परत दिले नाहीत, तेवढं मी आधीच सांगून ठेवलं होतं.